न आलेल्या बँडची वही : प्रकल्प नोंदी, पुणे

३ जुलै २०२३, सोमवार

वही नवी, काम जुनं. लॅबमधल्या सीनियर ताईने तीन वर्षं राबून केलेला लिंकेज नकाशा आजपासून माझ्या ताब्यात. एका बाजूला ड्युरम, म्हणजे आपला बन्सी गहू, दुसऱ्या बाजूला खपली गहू. दोघांच्या संकरातून पिढ्यान्‌पिढ्या स्वपरागणाने स्थिर केलेल्या ९२ लाइन्स, आणि त्यांवरून ६ए या गुणसूत्रावर मांडलेले १४ मायक्रोसॅटेलाइट मार्कर, म्हणजे डीएनएवरच्या ओळखीच्या खुणा. हे मार्कर गुणसूत्रावर प्रत्यक्षात कुठे बसलेत ते मी शोधायचं.

"नकाशा आहे ना आधीच?" असं मी विचारलं. ताई म्हणाली, "तो एसटीच्या वेळापत्रकासारखा आहे. वाईहून पुण्याला किती वेळ लागतो ते कळतं. किती किलोमीटर, ते नाही."

मी वाईकडचीच, त्यामुळे पटलं. खंबाटकी घाटात अडकलात तर दहा किलोमीटरला तास जातो, आणि रस्ता मोकळा मिळाला तर तासात कुठल्या कुठे. १९१३ मध्ये स्टर्टेव्हंटने फळमाशीच्या एक्स गुणसूत्राचा पहिला नकाशा काढला, तेव्हापासून हिशोब हाच: दोन जनुकं पुढच्या पिढीत जितक्या वेळा एकमेकांपासून सुटतात तितकी ती लांब. शंभरात एकदा सुटली की १ सेंटिमॉर्गन. पण हे सुटणं गुणसूत्रावर सगळीकडे सारखं होत नाही. गव्हात ते टोकांकडे भरपूर होतं आणि सेंट्रोमिअरच्या, म्हणजे गुणसूत्राच्या दोन भुजा जुळतात त्या जागेच्या, आसपास जवळजवळ होतच नाही. ताईच्या नकाशात मधले पाच मार्कर (५ ते ९) एकाच बिंदूवर चढून बसलेत. ९२ पैकी एकाही लाइनमध्ये ते सुटले नाहीत. ते खरंच शेजारी आहेत की नुसते सुटत नाहीत, हे नकाशा सांगू शकत नाही.

७ जुलै

बियाण्याची पाकिटं मिळाली. नऊ पाकिटं, प्रत्येकात दहा-बारा दाणे. आमच्या मार्गदर्शक मॅडमनी ती देवाच्या अक्षता द्याव्यात तशी हातावर ठेवली.

सगळी बियाणी 'चायनीज स्प्रिंग' या एकाच वाणाची. सिचुआनकडचा हा जुना गहू. शेतकऱ्याने बघून नाक मुरडावं असा, पण गव्हाचं सायटोजेनेटिक्स, म्हणजे गुणसूत्रांचा अभ्यास, सगळं त्याच्यावर उभं आहे. मिसुरीत अर्नी सिअर्सने त्याची गुणसूत्रं एकेक करून काढून टाकली आणि १९५४ मध्ये तो सगळा संच मांडला. माणसात एखादं गुणसूत्र कमी झालं तर गर्भ बहुधा टिकत नाही. साध्या गव्हात मात्र ए, बी, डी असे तीन जीनोम आहेत, एकूण ४२ गुणसूत्रं. ६ए नसलं तर ६बी आणि ६डी ओढून नेतात. एकत्र कुटुंबात एक जण आजारी पडला तरी चूल पेटते, तसं.

माझ्याकडची यादी:

साधा चायनीज स्प्रिंग. दोन नलिसोमिक-टेट्रासोमिक लाइन्स, ज्यांत ६ए अजिबात नाही आणि त्याऐवजी ६बी किंवा ६डी चार प्रती आहे (हे नाव मी आज तीनदा चुकीचं म्हटलं, लॅबमधले मामा हसले). दोन डायटेलोसोमिक: एकीत ६ए ची फक्त आखूड भुजा, दुसरीत फक्त लांब. आणि चार डिलिशन लाइन्स, ज्यांत भुजेचं टोक तुटलेलं आहे.

या शेवटच्या चारच खऱ्या कामाच्या. जपानचे ताकाशी एंडो आणि कॅन्ससचे, मूळचे पंजाबचे, बिक्रम गिल यांनी १९९६ मध्ये अशा ४३६ तुटींचा संच जाहीर केला. तोडण्यासाठी त्यांनी ना क्ष-किरण वापरले ना रसायन. एजिलॉप्स सिलिंड्रिका या रानटी नातेवाइकाचं एक गुणसूत्र गव्हात घातलं. हे गुणसूत्र इतकं आपमतलबी, की ज्या गॅमीटमध्ये (प्रजनन पेशीत) ते स्वतः नसेल तिथल्या गव्हाच्या गुणसूत्रांची मोडतोड करतं. 'मी नाही तर कोणीच नाही' असा स्वभाव. असे नातेवाईक आपल्याकडेही असतात, फक्त त्यांच्यावर पेपर निघत नाहीत.

तूट कुठे आहे ते एका आकड्यात सांगतात. सेंट्रोमिअर ०, भुजेचं टोक १. माझ्या लाइन्स: आखूड भुजेवर ६एएस-१ (०.३५) आणि ६एएस-५ (०.६५), लांब भुजेवर ६एएल-४ (०.५५) आणि ६एएल-८ (०.९०). ६एएल-८ मध्ये लांब भुजेचा शेवटचा दहावा हिस्सा गेलाय, ६एएल-४ मध्ये जवळजवळ निम्मी भुजा. म्हणजे प्रत्येक भुजेचे तीन असे सहा तुकडे पडतात. इंग्रजीत बिन. मामांनी त्यांचं 'डबे' केलं, आणि आता आम्ही सगळेच डबे म्हणतो.

१२ जुलै

दाणे पेट्री डिशमध्ये भिजत घातले. एका पाकिटातले चारच रुजले. उरलेल्यांना बुरशी.

मॅडमना मनातला प्रश्न विचारून टाकला: २०१८ मध्ये चायनीज स्प्रिंगचा अख्खा जीनोम छापून आलाय, १६०० कोटी बेसच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) घरातला. प्राइमरचा (मार्करच्या दोन्ही बाजूंना चिकटणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांचा) क्रम कॉम्प्युटरला दिला तर जागा दोन मिनिटांत कळेल. मग हे पाकिटं, पाणी, बुरशी कशासाठी?

त्या म्हणाल्या, "कॉम्प्युटर सांगेल प्राइमर कुठे कुठे बसू शकतो. तुझ्या जेलवरचा बँड त्यांतल्या कुठून आला, ते जेलच सांगेल. आधी हाताने कर, मग ताडून बघ. उलटं केलंस तर जे शोधायचंय तेच दिसायला लागेल." (बँड म्हणजे जेलवर डीएनएचा तुकडा दिसतो ती रेघ.)

२५ जुलै

डीएनए काढला. सीटॅब या रसायनाची जुनी पद्धत: कोवळी पानं लिक्विड नायट्रोजनमध्ये वाटायची, ६५ अंशांवर सीटॅब, मग क्लोरोफॉर्म, मग आयसोप्रोपेनॉल. आयसोप्रोपेनॉल घातल्यावर ट्यूब हळूच उलटी-सुलटी केली की पांढरे धागे दिसतात. हा भाग मला अजून कंटाळवाणा वाटत नाही. शेवयाच्या खिरीसारखं दिसतं, असं आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, जेवलीस का?

दुपारी तासभर वीज गेली. जनरेटर सुरू व्हायला वेळ लागला म्हणून घाईघाईने ट्यूबा एका डब्यातून दुसऱ्यात हलवल्या.

३ ऑगस्ट

पहिली पूर्ण फेरी. १४ मार्कर गुणिले ९ लाइन्स, १२६ रिअ‍ॅक्शन्स, शिवाय प्रत्येक मार्करला एक नुसत्या पाण्याची.

या कामाची गंमत आणि ताप एकाच गोष्टीत आहे. एरवी पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या ठरलेल्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढताना, बँड आला की आनंद. इथे बँड आला नाही की उत्तर. मार्कर चायनीज स्प्रिंगमध्ये दिसतो, ६ए नसलेल्या लाइन्समध्ये दिसत नाही, तर तो ६ए वर आहे. फक्त आखूड भुजा असलेल्या लाइनमध्ये दिसत नाही, तर लांब भुजेवर. ६एएल-४ मध्ये दिसत नाही पण ६एएल-८ मध्ये दिसतो, तर ०.५५ ते ०.९० या डब्यात. सगळा पुरावा नसण्याचा.

पण बँड न येण्याची दुसरी शंभर कारणं असतात. डीएनए खराब, एंझाइम घालायला विसरले, टिपमध्ये हवा, ट्यूबचं झाकण नीट न लागल्याने आतलं वाळलं. पीसीआर फसणं आणि जागाच तुटलेली असणं, जेलवर दोन्ही सारखंच काळं दिसतं. म्हणून प्रत्येक ट्यूबमध्ये दुसऱ्याच गुणसूत्रावरची, वेगळ्या लांबीचा बँड देणारी एक प्राइमरजोडी सोबत टाकायची. ती सगळ्या नऊ लाइन्समध्ये दिसलीच पाहिजे. ती दिसली आणि आपली दिसली नाही, तरच ते 'नाही' वहीत लिहायचं. आजच्या १२६ पैकी १७ ठिकाणी सोबतीणच दिसली नाही. ती सतरा 'नाही' खोडली.

९ ऑगस्ट

काहीतरी भलतंच. मार्कर १४, लांब भुजेच्या अगदी टोकाचा. ६एएल-८ मध्ये बँड नाही, बरोबर, टोक तुटलंय. पण ६एएल-४ मध्ये बँड आहे. हे शक्यच नाही. ६एएल-४ मध्ये टोक तर गेलंच, त्याच्या आतलंही बरंच गेलंय. दहा रुपये हरवलेल्या माणसाकडे जे नाही, ते शंभर हरवलेल्याकडे कसं?

पुन्हा केलं. तेच.

१० ऑगस्ट

रात्री झोप नाही. तुटलेला तुकडा दुसऱ्या एखाद्या गुणसूत्राला जाऊन चिकटला असेल का? असं होऊ शकतं. सकाळी सहाला वेताळ टेकडीवर चालताना शोधनिबंधाचं शीर्षकही ठरवून टाकलं.

अकराला मॅडमसमोर सगळं मांडलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आखूड भुजेचं काय म्हणतोय जेल?"

ते मी पाहिलंच नव्हतं. बघितलं. '६एएल-४' मध्ये आखूड भुजेच्या टोकाचा मार्कर १ गायब, आणि '६एएस-५' मध्ये तो धडधडीत हजर. म्हणजे दोन ट्यूबांची अदलाबदल. २५ जुलैची वीज, ती घाई. झाकणावर फक्त '४' आणि '५' लिहिलेलं, तेही साध्या मार्कर पेनने, इथेनॉलचा हात लागून अर्धवट पुसलेलं. मार्करच्या कामाचा घात मार्करनेच केला.

शीर्षक खोडलं. दोन्ही लाइन्सचा डीएनए उरलेल्या रोपांपासून नव्याने काढायचा. झाकणावर पूर्ण नाव, आणि ट्यूबच्या अंगावर चिकटपट्टीने पुन्हा तेच.

१८ ऑगस्ट

नवा डीएनए. मार्कर १४ आता ६एएल-४ मध्येही नाही आणि ६एएल-८ मध्येही नाही. तरी मॅडम म्हणाल्या, एकदा गुणसूत्रं डोळ्यांनी बघून घे. बियाणं हात बदलत आलंय, भेसळ असू शकते.

मुळांची टोकं कापून २४ तास बर्फाच्या पाण्यात ठेवायची म्हणजे विभाजन मधल्या टप्प्यावर थांबतं आणि गुणसूत्रं आखूड, जाड दिसतात. आमचं बर्फाचं मशीन आठवडाभर बंद आहे. कोपऱ्यावरच्या ज्यूस सेंटरमधून दोन पिशव्या बर्फ आणला. कशासाठी हवाय असं मालकांनी विचारलं, तर मी "गव्हाची मुळं थंड करायची आहेत" म्हणाले. त्यांनी पैसे घेतले नाहीत, बहुधा दया आली.

२० ऑगस्ट, रविवार

अ‍ॅसिटोकार्मिन (गुणसूत्रं रंगवणारा रंग), स्लाइड, कव्हरस्लिपवर अंगठा. बाहेर नदीपात्राकडून ढोल-ताशा पथकांचा सराव ऐकू येत होता. त्याच ठेक्यात स्लाइडवर टिचक्या मारल्या. अकरा स्लाइड वाया, बाराव्या स्लाइडवर एक पेशी मिळाली: ४२ गुणसूत्रं, सुटी सुटी पसरलेली. दोनदा मोजली. ६एएल-४ मध्ये जोडीतल्या दोन गुणसूत्रांची एक बाजू तोकडी वाटली, पण सी-बँडिंग (गुणसूत्रांवर ओळखीचे पट्टे उमटवणं) केल्याशिवाय ६ए कुठलं ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. वहीत फक्त लिहिलं: ४२.

१ सप्टेंबर

मार्कर १२ सतावतोय. नऊच्या नऊ लाइन्समध्ये बँड. म्हणजे हा ६ए वर नाहीच? ताईच्या नकाशात तर लांब भुजेच्या टोकाजवळ, एसआर-१३ च्या शेजारी आहे.

एसआर-१३ बद्दल थोडं, कारण या सगळ्याचं मूळ तिथे. काळ्या तांबेऱ्याला, म्हणजे गव्हाच्या खोडावरच्या बुरशीच्या रोगाला, रोखणारं हे जनुक खपलीतून आलं. अमेरिकेत स्टॅकमनने तांबेऱ्याच्या जाती ओळखण्यासाठी १२ गव्हांचा जो संच वापरला, त्यात मार्क्विस, कोटा, कुबांका यांच्या रांगेत 'खपली' हे नाव जसंच्या तसं आहे. मिनेसोटात बसून लोक शंभर वर्षांपूर्वी खपली म्हणत होते, आणि माझ्या वर्गातल्या पुण्याच्या मुलींना तो शब्द जखमेवरच्या खपलीपलीकडे माहीत नव्हता. हल्ली 'डायबेटिससाठी' म्हणून दुकानात चढ्या भावाने मिळायला लागल्यापासून माहीत झालाय. युगांडात १९९८ मध्ये सापडलेल्या यूजी-९९ तांबेऱ्यालाही एसआर-१३ दाद देत नाही. २०१७ मध्ये हे जनुक क्लोन झालं, जागा माहीत आहे: ६ए ची लांब भुजा, अगदी शेवटाजवळ. म्हणून त्याच्या शेजारचा मार्कर ही आमची कसोटी. तो ०.९० ते १.०० च्या डब्यात पडला नाही, तर आमच्या पद्धतीतच खोट.

६ सप्टेंबर

अ‍ॅगरोजऐवजी ६ टक्के पॉलिअ‍ॅक्रिलामाइडचा जेल लावला, सिल्व्हर नायट्रेटने रंगवला. डेव्हलपर थंडगार हवा, नाहीतर सगळी पाटी काळी. पहिली पाटी काळी झाली.

दुसरीवर उलगडा झाला. अ‍ॅगरोजवर जो एक जाड बँड दिसत होता तो दोन बँडांचा होता, चार-पाच बेसच्या फरकाचे. खालचा सगळीकडे आहे. वरचा ६ए नसलेल्या दोन्ही लाइन्समध्ये नाही, ६एएल-४ मध्ये नाही, ६एएल-८ मध्येही नाही. मार्कर १२ चा वरचा बँड ६ए चा, ०.९० ते १.०० चा डबा. खालचा ६बी किंवा ६डी वरच्या जुळ्या जागेचा.

मॅडम काय म्हणत होत्या ते आता कळलं. एकाच प्राइमरला तीन जीनोममध्ये तीन घरं मिळू शकतात. सगळी घरं एकाच पत्त्यावर धरली तर नसलेलं कधी दिसणारच नाही.

मार्कर ११ चं पॉलिअ‍ॅक्रिलामाइडवरही तसंच: एकही बँड हलत नाही. चायनीज स्प्रिंगमध्ये ६ए वर त्याची जागाच दिसत नाही. वगळला. मार्कर ४ चार वेळा केला, एकदाही नीट उमटला नाही. तोही वगळला.

२८ सप्टेंबर

विसर्जन. रस्ते बंद, लॅब बंद.

५ ऑक्टोबर

१४ पैकी १२ मार्कर डब्यांत बसले. प्रत्येक 'नाही' किमान तीनदा, वेगवेगळ्या दिवशी, सोबतीणीसह.

आखूड भुजा: टोकाच्या डब्यात १ आणि २, मधल्यात ३, सेंट्रोमिअरलगत ५ आणि ६. लांब भुजा: सेंट्रोमिअरलगत ७ आणि ८, मधल्या डब्यात ९ आणि १०, टोकाच्या डब्यात १२, १३, १४.

ताईचा नकाशा शेजारी ठेवला आणि आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही. तिथे एकाच बिंदूवर बसलेले पाच मार्कर, ५ ते ९, तीन डब्यांत पसरलेत. सेंट्रोमिअरच्या अलीकडे दोन, पलीकडे दोन, आणि एक तर लांब भुजेचं निम्मं अंतर ओलांडून. उलट १२ आणि १४ यांच्यात तिच्या नकाशात १९ सेंटिमॉर्गन, आणि दोघं शेवटच्या त्याच डब्यात, भुजेच्या दहाव्या हिश्शात.

ताई म्हणाली, "माझा नकाशा चुकला नाही ना?" नाही चुकला. क्रम एकदाही उलटा आलेला नाही. वेळ बरोबर होता, फक्त किलोमीटर वेगळे होते.

१३ ऑक्टोबर

आता कॉम्प्युटरला विचारायची परवानगी. बारा मार्करांचे प्राइमर जीनोमवर शोधले. बाराही ६ए वर, आम्ही ठरवलेल्याच क्रमाने. चायनीज स्प्रिंगचं ६ए साधारण ६१.८ कोटी बेसचं. त्यात मार्कर ५ ते मार्कर ९ अंतर अंदाजे २५ कोटी बेस. नकाशावर शून्य. १२ ते १४ अंतर त्याच्या दहाव्या भागाहून कमी, नकाशावर १९.

मात्र ०.९० वगैरे आकडे सरळ कोटींत बदलता येत नाहीत, हे बसल्या बसल्या हिशोब करताना लक्षात आलं. ते आकडे सूक्ष्मदर्शकाखाली, आकसलेल्या गुणसूत्राची लांबी मोजून काढलेले. कुठला भाग किती घट्ट गुंडाळलाय त्यावर ती लांबी ठरते. गुंडाळलेल्या चटईवरून खोलीचं माप काढण्यासारखं. डब्याची भिंत म्हणून ते ठीक, फूटपट्टी म्हणून नाही.

२१ ऑक्टोबर

मॅडमबरोबर बैठक. याचा उपयोग काय, यावर एक तास गेला, आणि तो सगळ्यात चांगला तास होता.

खपलीतून टोकाचं एसआर-१३ घ्यायचं असेल तर सोपं आहे. टोकाकडे अदलाबदल भरपूर होते, त्यामुळे जनुक घेऊन आजूबाजूचं सोडून देता येतं. पण खपलीचं एखादं चांगलं जनुक त्या मधल्या २५ कोटींत असेल तर मार्कर ५ ने निवडा की ९ ने, सगळा पट्टा एकगठ्ठा येणार. चांगल्याबरोबर नको तेही येणार, आणि ताईच्या नकाशावर ते दिसणारही नाही, कारण तिथे पाचही मार्कर एकच ठिपका आहेत. एकच मार्कर वापरला काय आणि पाच वापरले काय, असं वाटून पैसे वाचवायला चारांची सुट्टी करणारे लोक मी पाहिलेत.

९२ लाइन्समध्ये तो पट्टा एकदाही तुटलेला नाही. तुटलेला सापडायचा तर झाडं वाढवावी लागतील. मॅडमनी बोटांवर मोजून आकडा सांगितला: एफ-२ ची, म्हणजे संकराच्या दुसऱ्या पिढीची, १५०० झाडं. फक्त मार्कर ५ आणि ९ लावायचे. जिथे दोघं वेगळे बोलतील तेवढीच झाडं ठेवायची, मग त्यांच्यावर ६, ७, ८.

"रब्बी चुकवू नकोस," त्या म्हणाल्या. एफ-१ ची कणसं गेल्या हंगामापासून कोल्ड स्टोअरमध्ये आहेत.

८ नोव्हेंबर

कणसं मळली, दाणे सुटत नाहीत. ड्युरमचे सुटले असते. खपलीच्या बाजूने टरफल घट्ट धरून ठेवण्याचा गुण आलाय, आणि एकेक दाणा चिमट्याने सोलायला मिनिट लागतं. नखं दुखतायत. चारच दिवसांवर लक्ष्मीपूजन.

आजीला फोन केला. खपली ती लहानपणापासून कांडत आलीय. म्हणाली, "अगं कोरडी कशी सोलशील? पाणी शिंपड, जरा मुरू दे, मग उखळात हलक्या हाताने. मुसळ आपटायचं नाही, टेकवायचं." मी म्हटलं, एकही दाणा फुटायला नको, प्रत्येक दाणा वेगळा माणूस आहे. ती म्हणाली, "मग हातानेच सोल. पण पाणी शिंपड."

पाणी शिंपडून पाहिलं, अगदी थोडं, आणि सोलून झाले की लगेच पंख्याखाली. मिनिटाला तीन निघतात. मामाही बसले जोडीला.

आजअखेर ६४०. बाकी ८६०.